तिसऱ्या अंकातलं पद

"असं पद 'मायाकंकण'मध्ये नाही," मास्तर म्हणाले, आणि धुडकू शिंप्याचं मशीन थांबलं.

मशीन आधी थांबलं की मास्तर आधी बोलले, हे बन्सीलालला नंतर नीट आठवेना. घरी पोचेपर्यंत त्याने ते तीनदा आठवून पाहिलं, आणि तिन्ही वेळा क्रम वेगळा लागला. एकदा तर मशीन थांबलंच नव्हतं. मास्तरांचं वाक्य त्याच्या खडखडाटातून आलं होतं आणि बन्सीलालने ते ओठांवरून वाचलं होतं. आता ही गोष्ट एका तासापूर्वीची. एका तासापूर्वीचं मशीन जर असं घसरत असेल, तर सोळा वर्षांपूर्वीचं पद— पण इथे तो थांबे. त्याच्या पुढे जायला त्याला भीती वाटे. उन्हात उभ्या असलेल्या बैलगाडीच्या सावलीत थांबावं तसा तो त्या अर्ध्या वाक्यात थांबे.

दुकान नेहमीचंच होतं. वैशाखात जिन बंद. सरकीचा वास उडालेला, काट्यावर गोणपाट टाकलेलं. नंदुरबारच्या कापसाच्या जिनात गाड्या तोलणारा काटेवाला बन्सीलाल याला दुपारी काही काम नसे. तो धुडकूच्या दुकानात येऊन बसे. पानवाला सुकलाल आपल्या ठेल्यावर फडकं टाकून येई. आणि मग तिघं नाटकांवर बोलत. गावात दोन वर्षांपासून बोलपटाचा तंबू लागत होता, संगीत नाटकाची कंपनी येऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे बोलायला सगळी जुनीच नाटकं. पण जुन्या नाटकांवरच जास्त बोलता येतं, कारण ती पुन्हा येऊन कोणाला खोटं पाडत नाहीत.

"सिन्नरकरना पदर ज्यानी पाह्या नही, त्यानी नाटकच पाह्यं नही," सुकलाल म्हणे.

"पदर काय गास का?" धुडकू सुई दातांत धरून विचारी. "गळानं बोल, गळानं."

"गळा तर व्हताच. पन तो पदर! मन्ही बायकोले म्हनं, तसा पदर ले. तर म्हने, त्या माणूसलेच करी आन मंग घरमा."

सिन्नरकर म्हणजे कंपनीतला नायिकेचं काम करणारा नट. पुरुषच, पण त्या काळी सगळ्याच नायिका पुरुष. ह्या गप्पांत सुकलालकडे पदर, धुडकूकडे पडदे (कंपनीचा रस्त्याचा पडदा फाटला तेव्हा त्यालाच शिवायला बोलावलं होतं) आणि बन्सीलालकडे 'मायाकंकण' नाटकातलं ते पद. तिसऱ्या अंकातलं. भैरवी. ही वाटणी ठरून गेली होती. बन्सीलालने ते गुणगुणायचं, दोघांनी माना हलवायच्या, धुडकूने म्हणायचं, "असं पद परत व्हनार नही." दर उन्हाळ्यात. निदान शंभर वेळा.

मास्तर पुण्याहून बदलून आले, त्याला दोन महिने झाले होते. चित्रकला शिकवत. कोट शिवायला टाकला आणि दुकानात अडकले. माणूस भला, नाटकाचा खरा वेडा. त्यांना अहिराणी कळत नसे, पण सुकलालच्या पदरावर तेही हसले होते. आदल्या दिवशी ते पद ऐकून ते नुसते "हं" म्हणाले. आज येताना पदांचं पुस्तक घेऊन आले. नाटकगृहाच्या दारात विकत ते पातळ गुलाबी कागदाचं.

"बेचाळीस पदं आहेत, बन्सीलालजी. तुमचं त्यात नाही. आणि खरं सांगू का, तिसऱ्या अंकात नायिका रंगभूमीवर येतच नाही. दुसऱ्याच्या शेवटी तिला कैदेत टाकतात, ती सुटते थेट पाचव्यात. मी हे नाटक पुण्यात पाच वेळा पाहिलंय."

बन्सीलालने पुस्तक चाळलं. पदं मोजल्यासारखं केलं. अक्षरं दिसत होती, पण ती एकमेकांना चिकटत नव्हती. मग तो धुडकूकडे वळला. "तू पडदामांगे व्हता ना रे? तू ऐकं ना?"

"ऐकं ना!" धुडकू म्हणाला. "कसं नही? तुम्ही म्हनतस तसंच व्हतं, आप्पा."

"मी म्हनस तसं नको सांगू. तू काय ऐकं ते सांग."

धुडकूने मशीनच्या चाकावर हात ठेवला. त्याच्या तोंडावर असं काही आलं की जणू कोणी त्याच्या खिशात हात घालून खिसा आहे का ते बघतंय. "तेच ना... तुम्ही म्हनतस तेच," तो म्हणाला. सुकलाल तर त्या अंकाच्या वेळी तंबूबाहेर सुपारी कातरत होता; हे त्याने आपणहून, शपथेवर सांगावं तसं सांगितलं. म्हणजे सोळा वर्षं तिघांनी मिळून जे पद सांभाळलं, ते ऐकलं एकानेच. बाकी दोघांनी त्याच्याकडून ऐकलं होतं.

तो उठला. चप्पल उलटी घातली, परत सुलटी केली. मागून मास्तर म्हणाले, "अहो, मी काही वाद म्हणून—" ते वाक्य पुरं झालं की नाही, तेही माहीत नाही.

आता हा रस्ता. घर डावीकडे, जिन उजवीकडे. तो उजवीकडे वळला. जिनाच्या आवारात ह्याच जागी तंबू होता, गाड्या उभ्या राहतात तिथे. तेव्हा तो बावीस वर्षांचा. कंपनी रेल्वेने उतरली, आणि तिला तंबूच्या बल्ल्या, दोर, दूध, गाद्या, पाणी भरायला माणसं, सगळं बन्सीलालने मिळवून दिलं. शेठने सुट्टी दिली नाही तरी दिलं. काट्यावर वजनं चढवताना तो गात होता, ते कंपनीच्या मॅनेजरने ऐकलं. उपरणं सावरत जवळ आला. "गळा आहे. चल आमच्याबरोबर. परवा सकाळच्या गाडीने जळगाव." एवढंच. परवा म्हणजे दोन दिवस. त्या दोन दिवसांत बन्सीलालने जमिनीवर पाय टेकला नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको सोळा वर्षांची. तिला सांगितलं नाही, बापाला नाही, कोणालाच नाही. लहान ट्रंकेत दोन धोतरं, आरसा. ट्रंक सरकीच्या पोत्यांमागे. नाटक संपलं की तिथूनच स्टेशन.

आणि तिसऱ्या अंकात—

अंक तिसरा. प्रवेश (कितवा? पहिला म्हणू). रस्ता. रस्त्याचा पडदा, उजव्या कोपऱ्यात धुडकूची शिवण. नायिका येते. नाही, नायिका कैदेत आहे. सिन्नरकर येतात. कैदेतली बाई रस्त्यावर कशी, हे कोणी विचारत नाही. मी विचारत नाही. पुढे येतात, अगदी दिव्यांपर्यंत. माझ्याकडे बघतात. (दिव्यांच्या आत उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.) गातात:

उंबरा अजुनि ओला, निघसि कसा रे,
वाटेत सांज माझी, तुडविसि कसा रे.

लोक गप्प. मी उठतो. पोत्यांमागून ट्रंक काढतो. जातो. पडदा.

असं होतं ते. इतकं साधं. घरी येऊन तो झोपला, आणि सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याने गाडीची शिट्टी ऐकली, लांबत लांबत गेलेली. त्यानंतर त्याने कोणाला सांगितलं नाही की मी जाणार होतो. फक्त पद सांगितलं. पण आत, छातीच्या डाव्या बाजूला, एक गोष्ट पक्की बसून राहिली: ह्या गावात एक माणूस आहे, ज्याला गळा होता, ज्याला बोलावणं होतं, आणि जो भीतीने नाही, आळसाने नाही, बापाच्या धाकाने नाही, एका पदाने थांबला. गाण्यानेच गाणं सोडवलं. काट्यावर उभा राहून कापसाच्या गाड्या सोळा हंगाम तोलताना ही गोष्ट त्याला उभं ठेवत आली. शेठ ओरडला की तो मनात म्हणे, ओरड. तुला माहीत नाही तू कोणावर ओरडतोयस. आणि आता जर ते पद नसेल, तर प्रश्न उरतो एकच, सरळ, दाराच्या चौकटीसारखा: मग बन्सीलाल थांबला कशाने?

दुसऱ्या नाटकातलं असेल. कंपनीने आठ दिवसांत पाच नाटकं केली, पदं एकमेकांत मिसळली असतील. पण मिसळायला ते कुठल्यातरी नाटकात हवं. किंवा ऐन वेळी कोणाच्या फर्माइशीवरून घातलं असेल. आमच्याकडे कंपन्या हे करतच. पुण्या-मुंबईचे लोक संवादाला टाळ्या देतात, आमच्याकडे लोकांना पद हवं, संवाद लांबला की मागून "गावा, गावा" सुरू होई. मग कैदेतलीही गाई, मेलेलीही गाई. एकदा तर राक्षस मारल्यावर राक्षसाने उठून पद म्हटलं, आणि परत मेला. मास्तरांना हे माहीत नाही. पण मग धुडकूला का आठवत नाही? पडद्याला टाका घालताना त्याच्या कानात... किंवा. किंवा कोणी गायलंच नाही. तो बसला होता, मांडीवर हात, हातांना घाम, जळगाव नावाचं मोठं अंधारं काहीतरी समोर, आणि तो घाबरला आणि उठला. आणि पद नंतर आलं. कधी? काट्यावर? आंघोळ करताना? पण त्याला पद करता येत नाही. पत्र लिहायचं तर तो नवलकडून लिहून घेतो, आपल्या पोराकडून. 'तुडविसि' हा शब्द तो आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामाला वापरलेला नाही.

आवारातून बाहेर पडताना त्याच्या लक्षात आलं, की तंबू इथे नव्हता. गाठी बांधायच्या प्रेसच्या पलीकडे होता. इथे तर तेव्हा विहीर होती. की विहीर पलीकडे होती?

घरी वत्सलाबाई अंगणात बाजेवर बिबड्या वाळत घालत होती. ज्वारीच्या ओल्या, पातळ, पापडांसारख्या बिबड्या. फडक्यावर एकेक थापून बोटाने कड गोल करत होती. एक माणूस होता त्या तंबूत, ज्याला त्याने सोळा वर्षांत विचारलं नव्हतं. कारण बायका कनातीपलीकडे बसत, आणि कनातीपलीकडे बसलेल्याला नाटक कळतं असं कोणी धरत नसे. तो बाजेच्या पायाशी उकिडवा बसला.

"नवलनी माय," तो म्हणाला, "सिन्नरकर तिसरा अंकमा गायना, ते पद तुले याद शे का?"

तिचा हात थांबला. ह्या वेळी त्याने नीट पाहिलं: आधी हात थांबला, मग ती बोलली.

"तुम्हले कोनी सांगं?"

"काय?"

"मंग काही नही."

"काय कोनी सांगं?"

तिने बिबडीची कड पुरी केली. हात पदराला पुसले. मग बाजेकडेच बघत, थांबत थांबत, तिने जे सांगितलं ते असं. नाटकाच्या दिवशी दुपारी शेठाणीने सिन्नरकरांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. मोठ्या शहरांत बायका असं करतात हे तिने ऐकलं होतं, मग आपण का मागे राहायचं? ते आले, लुगडं नेसून, नाकात नथ, गळ्याला फडकं गुंडाळून. गल्लीतल्या बायका भिंतीला चिकटून पदरात हसत होत्या. पुरुषाला कुंकू लावायचं कसं? शेवटी सगळ्यांत लहान म्हणून वत्सलाबाईलाच पुढे ढकललं.

"जवय गऊ तं पाह्यं, पावडर खाले हनुवटी हिरवी. माले भ्यावच वाटनं. कुंकू लावता लावता मी हयूच सांगं..."

"काय सांगं?"

"म्हनं, मन्हा मालक सकाय तुम्हनासंगे येई ऱ्हायनात. त्यासले तिखट चालत नही. तेवढं पाहजात."

ट्रंक. पोत्यांमागची ट्रंक तिला माहीत होती. तिने पाहिली होती, उघडलीही असेल, आरसा तिच्याच माहेरचा होता.

"तुले मालूम व्हतं."

"मी काय आंधयी शे?"

"मंग तो काय म्हने?"

"त्यानी नथ सावरी. मंग म्हने, बाई, दर गावले एक ऱ्हास. मॅनेजर त्याले म्हनस, चल. तो बिचारा बल्ल्या आनस, दूध आनस. सकाय टेसनवर ट्रंक लीसन येस. आन गाडी निंघी जास." तिने बाजेवरचं फडकं सारखं केलं. "मी म्हनं, मंग त्यासले सांगी द्या. तो म्हने, सांगाथीन समजत नही. मी गाईसन सांगस."

अंगणात ऊन इतकं होतं की बिबड्यांच्या कडा डोळ्यांदेखत उचलत होत्या. बन्सीलालच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकमेकींना ढकललं. पद होतं! मास्तर खोटे, पुस्तक खोटं. सिन्नरकर त्याच्याकडेच बघत होते. आणि: पद त्याला थांबवायला नव्हतं. थांबवायचं त्याला, ज्याला कोणी नेणार आहे. हे पद होतं एका माणसाला स्टेशनवर उभं राहून रिकामी पटरी बघावी लागू नये म्हणून. दया होती ती. भैरवीतली दया. सोळा वर्षं तो ती दुकानात गुणगुणत होता.

"मंग त्यानी गायं?" त्याने विचारलं. "तू ऐकं?"

"मी कथी ऐकू? सासूबाईनं डोकं दुखनं. आम्ही दुसरा अंकलेच घर उनूत."

"मंग तुले काय मालूम, गायं का नही?"

ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. हा काय प्रश्न, अशा नजरेने.

"तुम्ही घर उनात," ती म्हणाली. "ट्रंक लीसन उनात. म्हनीसन मी समजनू, गायं व्हई."

म्हणजे हाही साक्षीदार गेला. तो घरी आला यावरून पद होतं, आणि पद होतं म्हणून तो घरी आला. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी, आणि खाली जमीन आहे की नाही कोणी बघितलं नाही. सिन्नरकर म्हणाले असतील, आणि संध्याकाळी विसरले असतील. नटांच्या लक्षात किती राहतं? कैदेतली बाई कैदेतच राहिली असेल, आणि पहिल्या ओळीत बसलेला एक काटेवाला आपणहून...

"इतला साल बोलनी नही तू."

"तुम्ही ते पद इतला आवडथीन म्हनतस," ती म्हणाली. "कसाले बोलू?"

तो उठला, परत बसला. एक गोष्ट राहिली होती. ती विचारायला त्याला बाजेची दोरी हातात धरावी लागली. "त्यानी मन्हा आवाज ऐका व्हता का? सिन्नरकरनी?"

"ऐका व्हई. दिनभर तं काटावर गात तुम्ही."

"मंग काय म्हने? आवाजनं?"

वत्सलाबाईने एक बिबडी उचलली, उलटी करून टाकली. अजून ओली होती ती. उलटायची वेळ झाली नव्हती.

"मी इचारं नही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात गेला. जायचं नाही असं ठरवून गेला. मास्तर आधीच येऊन बसले होते, आणि त्यांचा चेहरा रात्री नीट झोप न लागलेल्या माणसासारखा होता. धुडकूने त्यांना मारलेल्या राक्षसाची गोष्ट सांगितली होती, मोडक्या शुद्ध भाषेत, आणि ती त्यांना पटली होती.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "पुस्तकात नाही म्हणजे झालंच नाही, असं कसं म्हणता येईल? इथल्या प्रयोगात घातलं असणार. अहो, मग तर ते फारच मोलाचं आहे, दुसरीकडे कुठेच नसेल. तुम्ही म्हणा, मी उतरवून घेतो." त्यांनी वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली.

"म्हना, आप्पा," सुकलाल म्हणाला. "पुणावालासले दखाडी द्या."

बन्सीलाल भिंतीला टेकून बसला. शंभर वेळा तो हे पद म्हणत आला होता, पण सिन्नरकरांसारखं. बारीक आवाजात, मान थोडी कलती, जिथे त्यांनी श्वास घेतला तिथे श्वास. आपण म्हणतोय असं त्याला कधी वाटलंच नव्हतं, आपण फक्त आणून देतोय. आज त्याने मान सरळ ठेवली. घसा साफ केला. आणि आपल्या आवाजात, काट्यावरच्या, बावीस वर्षांचा असताना जो होता त्याच्या उरलेल्या आवाजात, सुरुवात केली. उंबरा अजुनि ओला. 'ओला'वर आवाज फाटला. त्याने सोडला नाही, तो तसाच फाटका पुढे नेला. सांज माझी. वरच्या सुराला तो पोचला नाही. पोचतोय असं शेवटपर्यंत वाटत राहिलं आणि पोचला नाही. हे नेहमीच असं होतं? की आजच? तो कान देऊन ऐकत होता, पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो, आणि आतून सगळेच आवाज भरलेले असतात.

संपलं. गल्लीतून एक गाढव गेलं. मास्तर भराभर लिहीत होते.

"भैरवीच," ते म्हणाले. "शंका नाही. पण चाल ऐकलेली नाही कुठे."

"आवाज कसा शे?" बन्सीलालने विचारलं.

"अं?"

"चाल नही, मास्तर. आवाज. मना आवाज कसा आहे?" अर्धं अहिराणी, अर्धं शुद्ध असं काहीतरी निघालं. त्याने दुकानात सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. सोळा वर्षांत हा प्रश्न इथे कोणी विचारला नव्हता. मास्तरांनी वहीत आधी लिहिलेल्याच अक्षरावर परत पेन्सिल फिरवली. धुडकूने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आधीच ओवलेला होता.

सुकलाल गप्प राहू शकला नाही. त्याला गप्प राहता येतच नसे. तो पुढे सरकला, बन्सीलालच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तापलेल्या पोराला औषध पाजताना बोलावं तसा बोलला:

"पद चांगलं शे, आप्पा. पद एकदम चांगलं शे."

"कोनं? मन्हं का सिन्नरकरनं?" बन्सीलालने विचारलं.